कोयनेचा पाऊस, साठा आणि विसर्ग: तीन आलेख एका उभ्या रेषेत कसे आणायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोयना धरणाचा 1 जून ते 30 सप्टेंबरचा रोजचा तक्ता एक्सेलमध्ये आहे. त्यावरून तीन आलेख एकाखाली एक लावलेत: वर नवजा केंद्रावरचा पाऊस, मध्ये धरणातला साठा आणि खाली नदीत सोडलेला विसर्ग. तिन्ही चौकटी काठाला काठ लावून ठेवल्या, रुंदी सारखी केली, तरी वरचा 25 जुलै खालच्या 25 जुलैच्या डोक्यावर येत नाही. नवे आकडे भरले की हा फरक पुन्हा बदलतो. शिवाय उजनीचा असाच आलेख करताना टक्केवारी उणे जाते आणि डाव्या-उजव्या अक्षांची शून्यं वेगवेगळ्या उंचीवर दिसतात.

आधी कारण समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचे सगळे उपाय सहज लक्षात राहतात. आलेखात दोन चौकटी असतात. बाहेरची चौकट म्हणजे अख्खा चार्ट. माउसने आपण जी हलवतो ती. आतली चौकट म्हणजे प्लॉट एरिया, म्हणजे अक्षांच्या रेषांनी बांधलेली, जिच्यात स्तंभ आणि रेषा उमटतात ती जागा. तुम्ही जुळवली ती बाहेरची. डोळा वाचतो ती आतली. आणि आतली चौकट कुठे सुरू करायची हे एक्सेल स्वतः ठरवतं: आधी उभ्या अक्षाच्या आकड्यांना, अक्षाच्या शीर्षकाला आणि लेजंडला (कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या सूचीला) जागा देतं, मग उरलेली जागा प्लॉट एरियाला.

तुमच्या तिन्ही आलेखांत उभ्या अक्षावरचे आकडे वेगवेगळ्या लांबीचे आहेत. साठ्याच्या अक्षावर सर्वात लांब आकडा ‘120’, विसर्गाच्या अक्षावर ‘1,00,000’. नऊ पॉइंटच्या अक्षरात या दोघांच्या रुंदीत साधारण 18 पॉइंटचा फरक पडतो. प्लॉट एरिया 560 पॉइंट रुंद असेल तर 122 दिवसांत प्रत्येक दिवसाच्या वाट्याला 4.6 पॉइंट येतात. म्हणजे डाव्या काठाला दोन आलेख जवळजवळ चार दिवसांनी सरकलेले असतात! उजवे काठ जुळलेले असल्यामुळे ही चूक सप्टेंबरअखेर नाहीशी होते. 25 जुलैला, म्हणजे 55व्या दिवशी, ती दोन दिवसांची उरते. फसवणूक होते ती इथेच. उजवीकडे सगळं जुळलेलं दिसतं म्हणून माणूस डावीकडेही विश्वास ठेवतो. कोयनेच्या बाबतीत तर हा आलेख लोक नेमका याचसाठी बघतात की नवजाला पाऊस कोसळल्यावर साठा किती दिवसांत वर गेला आणि दरवाजे कधी उचलले. कराड-सांगलीकडच्या वाचकाला त्यात दोन दिवसांची खोटी गॅप दिसली तर त्याचा निष्कर्षच चुकतो.

म्हणून पहिलं काम: अक्षावरच्या आकड्यांची रुंदी सारखी करा. हे काम सर्वात सोपं आहे आणि बहुतेक लोक तेच टाळतात. विसर्ग ‘क्युसेक’ (सेकंदाला घनफूट) ऐवजी ‘हजार क्युसेक’मध्ये दाखवा. त्यासाठी मूळ तक्त्यातले आकडे बदलू नका. अक्षावर राइट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये नंबरच्या खाली फॉरमॅट कोड म्हणून 0, असं लिहा, म्हणजे शून्य आणि त्यापुढे स्वल्पविराम. शेवटचा स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागून दाखवतो. आता विसर्गाचा अक्ष 0 ते 120 होतो, साठ्याचा 0 ते 120 आणि पावसाचा 0 ते 300. तिन्हीकडे जास्तीत जास्त तीन अंक. एवढ्यानेच निम्मी लढाई जिंकली जाते, आणि वाचकालाही ‘40 हजार क्युसेक’ असंच बोलायची सवय असते.

एखाद्या अक्षावर दोनच अंक येत असतील तर कोडमध्ये ??0 वापरा. जो अंक आकड्यात नाही त्याची जागा प्रश्नचिन्ह रिकामी राखून ठेवतं. त्याच कामाला _0 हेही चालतं. ते शून्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा सोडतं. लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम हवेच असतील, तर हा कोड घ्या: [>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0. पण आलेखाच्या अक्षावर सहा-सात अंकी आकडे लिहूच नयेत असं माझं मत आहे. वाचणाऱ्याला शून्यं मोजत बसावं लागतं.

उभ्या अक्षाचं फिरवलेलं शीर्षकही काढून टाका. देवनागरी मजकूर आडवा करून वाचणं त्रासाचं असतं आणि ते शीर्षक प्रत्येक चार्टमध्ये वेगळी जागा खातं. त्याऐवजी चार्ट निवडलेला असतानाच एक टेक्स्ट बॉक्स घाला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘साठा, टीएमसी’ (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) असं सरळ लिहा. चार्ट निवडून घातलेला टेक्स्ट बॉक्स चार्टचाच भाग होतो, चार्ट हलवला की बरोबर हलतो. लेजंडही उजवीकडे नको. प्रत्येक आलेखात एकच मालिका, म्हणजे आकड्यांचा एकच कॉलम आहे, तिथे लेजंडचं कामच काय?

दुसरं काम, आणि हे खरं महत्त्वाचं: प्लॉट एरिया एक्सेलच्या मर्जीवर न ठेवता स्वतः पक्का करणं. वाईट बातमी अशी की फॉरमॅट प्लॉट एरियाच्या पट्टीत रुंदीचा आकडा टाकायची जागाच नाही. माउसने ओढावं लागतं. तीन चार्टमध्ये माउसने तीच जागा तीनदा पकडायचा प्रयत्न करू नका. एकच चार्ट नीट करा. त्याचा प्लॉट एरिया एकदा हाताने ओढून ठेवला की तो ‘आपोआप’ या अवस्थेतून बाहेर येतो. मग त्याच चार्टच्या प्रती काढा (कंट्रोल दाबून ओढा, किंवा कॉपी-पेस्ट) आणि सिलेक्ट डेटामधून प्रत्येक प्रतीला तिचा कॉलम द्या. मालिका बदलली तरी प्लॉट एरिया तिथेच राहतो.

हे चालतं कसं ते फाइलच्या पोटात बघितलं की कळतं. हाताने लावलेला प्लॉट एरिया फाइलमध्ये पॉइंटमध्ये साठवला जात नाही, चार्टच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात साठवला जातो: डावीकडून किती अंश, वरून किती अंश, रुंदी किती, उंची किती. चार्ट 640 पॉइंट रुंद, डावा काठ 60 पॉइंटवर आणि आतली रुंदी 560 पॉइंट असेल तर नोंद होते 0.09375 आणि 0.875. यातून एक सोयीची गोष्ट निघते. चार्टची रुंदी सारखी राहिली तर उंची वेगवेगळी ठेवली तरी उभ्या रेषा जुळलेल्याच राहतात. म्हणजे साठ्याचा आलेख उंच आणि पावसाचा बुटका खुशाल ठेवा. उलट, एका चार्टची रुंदी चुकून थोडी ओढली गेली की सगळं प्रमाणात सरकलं. म्हणून रुंदी माउसने नव्हे, तिन्ही चार्ट एकत्र निवडून फॉरमॅटच्या साइझमध्ये आकडा टाकून द्या आणि मग अलाइन लेफ्ट करा. ऑल्ट दाबून ओढलं तर चार्टचा काठ सेलच्या काठाला चिकटतो, तेही सोयीचं. आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘डोन्ट मूव्ह ऑर साइझ विथ सेल्स’ निवडा. नाहीतर कुणीतरी तक्त्याला फिल्टर लावतं, ओळी लपतात आणि चार्टही आकसतो.

याच नोंदीत आणखी एक कळीची खूण असते: मोजमाप आतल्या चौकटीचं आहे की लेबलांसकट बाहेरच्या चौकटीचं. आपल्याला नेहमी आतलं हवं. बाहेरचं पक्कं केलं तर लेबल लांबलं की आतला भाग पुन्हा आक्रसतो, आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत. पायथनमधून रोजचे चार्ट बनवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. ओपनपायएक्सएलमध्ये मॅन्युअललेआउटला लेआउटटार्गेट म्हणून ‘इनर’ स्पष्ट सांगा. काही सांगितलं नाही तर ‘आउटर’ धरलं जातं. एक्सएलएसएक्सरायटरमध्ये सेट_प्लॉटएरियाला लेआउट म्हणून हेच चार अंश देता येतात. एक्सेलमध्येच मॅक्रो लिहिणार असाल तर प्लॉटएरियाचे इनसाइडलेफ्ट आणि इनसाइडविड्थ हे दोन गुणधर्म वापरा. साधे लेफ्ट आणि विड्थ लेबलांसकटची जागा मोजतात. मॅक्रोत आधी शीर्षक, लेजंड, फॉन्ट हे सगळं उरकून घ्या आणि इनसाइडची मापं शेवटी द्या.

एक इशारा. प्लॉट एरिया पक्का केला की लेबलांना जागा करून देणं ही तुमची जबाबदारी होते. उद्या अक्षावर मोठा आकडा आला तर एक्सेल प्लॉट एरिया सरकवणार नाही, लेबल चार्टच्या काठाला कापलं जाईल किंवा शीर्षकावर चढेल. डावीकडे 60 पॉइंट मी सैल हाताने धरलेत ते त्यासाठीच.

आता अक्षाच्या मर्यादा. प्लॉट एरिया जुळला, पण वरचा आलेख 1 जूनला आणि खालचा 5 जूनला सुरू होत असेल तर काय उपयोग? तिन्ही आडव्या अक्षांना किमान आणि कमाल तारीख स्वतः द्या. कोयनेचं तांत्रिक वर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशोबाचं वर्ष, 1 जूनला सुरू होतं, म्हणून किमान 1 जून. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक पूर्णांक असतो: 1 जून 2025 म्हणजे 45809 आणि 30 सप्टेंबर 2025 म्हणजे 45930. त्या खिडकीत तारीख लिहिली तरी चालते. यामुळे हंगामाच्या सुरुवातीला आलेख उजवीकडे रिकामा दिसेल. दिसू द्या. रोज थोडा थोडा भरत जाणारा आलेख कालच्या प्रिंटशी पडताळून बघता येतो. रोज ताणून पूर्ण रुंदी भरणारा आलेख तसा पडताळता येत नाही.

पुढच्या तारखांच्या सेलमध्ये सूत्रं आधीच भरून ठेवली असतील आणि ती रिकामा मजकूर परत देत असतील, तर साठ्याची रेषा धाडकन शून्यावर कोसळते. तिथे एनए फंक्शन परत द्या, रेषा शेवटच्या खऱ्या आकड्यावर थांबेल.

आणि तारखा खरंच तारखा आहेत का ते बघा. आपल्याकडे या कामात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल तर 1/6/2025 ही 6 जानेवारी होते, 12/6/2025 ही 6 डिसेंबर होते, आणि 13/6/2025 ला तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. मजकूर असलेली तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटते, खरी तारीख उजवीकडे. कॉलममध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले दिसले तर आलेखाला हात लावण्याआधी तो दुरुस्त करा. अक्ष ‘टेक्स्ट ॲक्सिस’ झाला की ज्या दिवसाची नोंद नाही तो दिवस आलेखातून गायबच होतो आणि पुढचे सगळे दिवस एक घर डावीकडे सरकतात. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये ‘डेट ॲक्सिस’ निवडा आणि बेस युनिट ‘डेज’ ठेवा, मग गाळलेल्या दिवसाची जागा मोकळी राहते.

तिथेच ‘ॲक्सिस पोझिशन’ आहे: ‘ऑन टिक मार्क्स’ आणि ‘बिटवीन टिक मार्क्स’. पाऊस स्तंभांनी आणि साठा भरीव एरिया चार्टने दाखवला असेल तर स्तंभ काठापासून अर्धं घर आत सुरू होतात आणि एरिया थेट काठाला चिकटतो. 122 दिवसांत अर्धं घर नजरेला जाणवत नाही. पण हाच आलेख महिन्यांचा केला, जून ते सप्टेंबर अशी चारच घरं, तर अर्धं घर म्हणजे रुंदीचा आठवा हिस्सा आणि पंधरा दिवसांचा फरक. तिन्हीकडे ‘बिटवीन टिक मार्क्स’ ठेवा.

उभ्या अक्षांनाही मर्यादा द्या, फक्त तिथे थोडा विचार करा. कोयनेची साठवण क्षमता 105.25 टीएमसी, म्हणून साठ्याला 0 ते 120, दर 20 ला रेषा. विसर्गाला 0 ते 1,20,000, दर 20,000 ला. पावसाला 0 ते 300 मिलिमीटर, दर 50 ला. तिन्हीकडे सहा सहा घरं येतात, त्यामुळे आडव्या रेषांची लयही सारखी राहते. पण कमाल मर्यादा पक्की केली की त्यावरचा स्तंभ मुकाट्याने छाटला जातो. जुलै 2021 सारखी अतिवृष्टी आली तर 300 पुरणार नाही; 900 करून दर 150 ला रेषा ठेवा, घरं सहाच राहतील. मर्यादा एक्सेलवर सोडली तर आणखी एक घोटाळा होतो: सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या सहाव्या भागापेक्षा कमी असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरचाच आलेख काढला, साठा 95 ते 105 मध्ये घुटमळत असला, तर किरकोळ घटसुद्धा धरण रिकामं होत असल्यासारखी दिसते.

आता उजनी. उजनीत मृतसाठा (नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी) 63.66 टीएमसी आणि त्यावरचा उपयुक्त साठा 53.57 टीएमसी. टक्केवारी उपयुक्त साठ्याची सांगतात, म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरलं की ती उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 च्याही खाली गेली होती. डाव्या अक्षावर ही टक्केवारी आणि उजव्या अक्षावर पाऊस लावला, की पाऊस शून्यापासून म्हणजे तळापासून सुरू होतो आणि टक्केवारीचं शून्य मध्येच कुठेतरी तरंगतं.

दोन्ही शून्यं एका उंचीवर आणायची अट साधी आहे: किमान आणि कमाल यांचं गुणोत्तर दोन्ही अक्षांवर सारखं हवं. डावा अक्ष उणे 60 ते 120 असेल तर गुणोत्तर उणे अर्धं. उजव्या अक्षाची कमाल 150 हवी असेल तर किमान उणे 75. डावीकडे दर 20 ला, उजवीकडे दर 25 ला रेषा, दोन्हीकडे नऊ घरं, आणि शून्य दोन्हीकडे तळापासून तीन घरं वर. पाऊस उणे नसतो, म्हणून उजव्या अक्षाचा फॉरमॅट कोड 0;;0 करा; मधला रकाना रिकामा असल्यामुळे उणे आकडे दिसत नाहीत. आडव्या अक्षाचं लेबल पोझिशन ‘लो’ करा, नाहीतर तारखा आलेखाच्या मधोमध शून्याच्या रेषेवर लटकतात.

हे सगळं करता येतं, पण उजनीसाठी मी ते करणार नाही. मी टक्केवारी सोडून एकूण साठा टीएमसीमध्ये काढेन: अक्ष 0 ते 120, आणि 63.66 वर मृतसाठ्याची एक ठळक आडवी रेषा. उणे 50 टक्के म्हणजे 36.9 टीएमसी, हे त्या रेषेखाली किती खोल आहे ते एका नजरेत कळतं. अक्ष शून्यापासून सुरू होतो, उणे आकडेच उरत नाहीत, शून्यं जुळवायचा प्रश्नच मिटतो. शिवाय ‘उणे’ शब्दाने धरणात पाणीच नाही असा जो समज होतो तोही होत नाही. ती आडवी रेषा हाताने काढलेली नको. तक्त्यात एक कॉलम करून प्रत्येक तारखेला 63.66 भरा आणि तो दुसरी मालिका म्हणून लावा. अक्षाची मर्यादा बदलली तरी रेषा योग्य जागी राहते.

पाऊस आणि साठा एकाच चौकटीत हवेच असतील तर जलशास्त्रातली जुनी पद्धत घ्या: पाऊस वरून खाली लटकवा. पावसाची मालिका दुसऱ्या अक्षावर टाका, त्या अक्षाला ‘व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर’ करा आणि त्याची कमाल मर्यादा प्रत्यक्ष पावसाच्या तिप्पट ठेवा. स्तंभ वरच्या एक तृतीयांशात राहतात, साठ्याची रेषा त्यांच्याखाली मोकळी वाचता येते, आणि तारखा आपोआप जुळतात कारण आडवा अक्ष एकच असतो.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये काम करत असाल तर तिथे आलेखाच्या आतल्या भागावर राइट क्लिक करून ‘पोझिशन अँड साइझ’मध्ये थेट आकडे टाकता येतात, ही एक्सेलपेक्षा चांगली सोय. गुगल शीट्समध्ये आतली चौकट निवडून ओढता येते. तिथे लेबलांची रुंदी सारखी ठेवण्यावरच भर द्या.

शेवटी तक्त्यातल्या वेळेबद्दल, कारण अक्ष जुळले तरी नोंदी जुळलेल्या असतीलच असं नाही. हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाची नोंद सकाळी 8.30 ला होते आणि ती आदल्या 24 तासांची असते. म्हणजे 25 जुलैच्या रकान्यातला पाऊस बहुतांशी 24 तारखेला पडलेला असतो. साठा मात्र त्या सकाळचा, त्या क्षणाचा असतो. आणि विसर्ग कधी ठराविक वेळेचा असतो, कधी दिवसभराची सरासरी. तिन्ही कॉलमच्या शीर्षकात वेळ लिहा. विसर्ग क्षणाचा असेल तर त्यावरून दिवसाचं पाणी काढू नका. सरासरी असेल तर 11,574 क्युसेक 24 तास म्हणजे 1 टीएमसी, या हिशोबाने साठ्यातली घट पडताळून बघा. सोडलेलं पाणी आणि साठ्यातला बदल यांत पूर्ण एका दिवसाचा फरक सातत्याने दिसत असेल, तर तो आलेखाच्या मांडणीतला नाही. तो कॉलम एक ओळ वर किंवा खाली भरला गेलाय.